हिरवा दिवा आणि तांब्याचं ताट

अ‍ॅम्ब्युलन्स डेपोतली कंट्रोलची खोली जेमतेम तीन खुर्च्यांची, आणि त्या सकाळी तिथं मुंगीला शिरायला जागा नव्हती. ड्रायव्हर होते, स्ट्रेचरवाले होते, चादरी धुणारी बाई होती. समोरचा न्हावी अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून आला होता आणि त्याच्या मागोमाग ते गिऱ्हाईकही गालावरच्या फेसासकट आलं होतं. सगळ्यांच्या माना वर, आणि नजरा भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाखालच्या एवढ्याशा दिव्यावर. दिवा लाल होता. खोलीला रंग दिल्यापासून तो लालच होता.

मधोमध कंपनमहाराज डोळे मिटून उभे होते. अंगात पायघोळ पांढरा कोट, हातात तांबूस रंगाचं चपटं ताट. त्याला ते ‘आकाशपात्र’ म्हणत.

“या खोलीत कंपनं अडली आहेत,” महाराज म्हणाले. “उत्तरेची लहर पश्चिमेवर टेकली आहे. मध्ये ऋण ऊर्जेची गाठ बसली आहे. मला भिंती रडताना ऐकू येतात.”

ताज्या रंगाच्या वासानं महाराजांचे स्वतःचेच डोळे पाणावले होते, पण ते पाहायला कुणाला सवड होती? धुणाऱ्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

महाराजांनी ‘दिशाशुद्धी’ आरंभली. लोखंडी रॅकच्या फळीखाली एक काळी डबी चिकटवलेली होती, काडेपेटीएवढी, लांब वायरीची. ती त्यांनी अलगद काढली. खिडकीच्या कट्ट्यावर ताट ठेवलं आणि ताटावर ती डबी. टक् असा आवाज झाला आणि डबी जागेवर बसली.

“पात्रानं धरलं,” महाराज पुटपुटले. मग त्यांनी घशातून घुमणारा एक लांबलचक आवाज काढला. तो कुठल्याच भाषेत नव्हता, त्यामुळं त्याचा अर्थ कुणी विचारू शकत नव्हतं. आवाज चालू, लोक गप्प. आणि बऱ्याच वेळानं तो लाल दिवा मिचमिचला आणि हिरवा झाला.

मग काय विचारता. डेपोचे साहेब सगळ्यांत आधी वाकले. साहेबच वाकल्यावर ड्रायव्हरांनी ताठ कशाला राहायचं?

कोपऱ्यातल्या खुर्चीत हेडफोन लावून कंट्रोलताई बसली होती. गाड्यांमधून रात्रंदिवस ‘कंट्रोल, कंट्रोल’ अशा हाका यायच्या म्हणून तिचं नावच ते पडलं होतं. तिनंही सुटकेचा श्वास टाकला. ते घड्याळ आपली वेळ आकाशातल्या उपग्रहांकडून घ्यायचं. काळी डबी म्हणजे त्याचा जीपीएसचा अँटेना, घड्याळाचा कानच म्हणा. दिवा हिरवा असला की घड्याळाला उपग्रह ऐकू येतायत. लाल असला की ते आपल्या मनानं चाललंय, आणि वीज जाऊन आली तर ते वाटेल ती वेळ दाखवणार. गाडी वेळेत पोचूनही नोंदीत उशीर दिसे, आणि रोग्यांचे नातेवाईक येऊन कंट्रोलताईची सालटी काढत. ते थांबणार असेल तर ताट काय नि परात काय, असं तिला त्या घटकेला वाटलं.

बाई होती पक्की देवभोळी. पहाटे उठून गळा मोकळा करून भजन म्हणायची. पण भोळी होती ती देवापुरती.

आठवडाभरातच तिला त्या ताटाची खरी किंमत कळली. धाकट्या बहिणीच्या घरी ती गेली, तर भाची चिमी पलंगावर पडलेली आणि गादीखालून तांबूस रंगाची एक कड डोकावत होती. चिमीला लहानपणापासून फिट्स यायच्या. रोजच्या गोळ्यांवर त्या आटोक्यात होत्या. आज गोळ्यांची पाकिटं कुठंच दिसेनात.

“बंद केल्या,” धाकटी म्हणाली. “महाराज म्हणाले, एका म्यानात दोन तलवारी नकोत. पात्र आकाशातून कृपा ओढतं, गोळी तिला अडवते.”

“अगं, डॉक्टरांनी बजावलं होतं, या गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत म्हणून.”

“ताई, तुझ्या डोळ्यांदेखत दिवा लागला ना? मेलेलं यंत्र जागं झालं. माझी पोर काय यंत्राहून गेलीगुजरी आहे?”

दिवा लागला होता हे तर खरंच होतं. कंट्रोलताईनं धाकटीला समजावलं, मग रागावली, मग हात जोडले. धाकटीनं तिघींनाही, म्हणजे समजावणाऱ्या, रागावणाऱ्या आणि हात जोडणाऱ्या ताईला, एकाच दारातून बाहेर काढलं. जाताना चिमी जिन्यापर्यंत आली. तिच्या हातातला दुधाचा कप मध्येच निसटत होता, आणि ती काही क्षण कुठंतरी टक लावून बघत राही, मग पुन्हा बोलायला लागे. मावशी रोज फोनवर लोकांची दुखणी ऐकणारी. ही कशाची चाहूल आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं.

डेपोत तिनं मामांना सांगून पाहिलं. मामा म्हणजे सगळ्यांत जुने ड्रायव्हर, आणि महाराजांना आणणारे तेच. मामा उखडले. एवढी भजनं म्हणतेस आणि साधी श्रद्धा नाही, असं त्यांनी चारचौघांत सुनावलं. स्ट्रेचरवाल्या पोरांनी तिला ‘नास्तिकताई’ म्हणायला सुरुवात केली. चहा आला की तिच्याकडे शेवटचा, गार झालेला कप यायचा.

“मामा,” ती एवढंच म्हणाली, “श्रद्धा आहे म्हणून तर चीड येते. ज्याचं नाव मी पहाटे घेते, तो ताटाखाली दबा धरून बसत नाही.”

पण चीड म्हणजे उत्तर नव्हे. मग तिनं एक गोष्ट केली, जी इतक्या दिवसांत डेपोतल्या एकालाही सुचली नव्हती. ज्यांनी ते घड्याळ बसवलं होतं त्यांच्या दुकानात फोन लावला आणि विचारलं, दिवा लाल का होतो?

पलीकडे एक दुरुस्तीवाली बाई होती. तिनं शांतपणे विचारलं, अँटेना कुठं बसवला होता? रॅकच्या फळीखाली. म्हणजे उलटा? हो, उलटा. का?

का, ते सांगताना कंट्रोलताईलाच ओशाळायला झालं. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांच्या अंगात एक शिस्त भिनलेली असते: धावत्या गाडीत काहीही सुटं ठेवायचं नाही. बाटली असो की कात्री, पट्ट्यानं बांध, आकड्याला अडकव, चिकटव. तीच सवय घेऊन ते खोलीतही वावरतात. त्यांच्या पेनालासुद्धा दोरी. रंगाऱ्यांनी डबी खिडकीबाहेरच्या पत्र्यावरून काढून टेबलावर टाकली, ती सुटी दिसली, आणि कुणीतरी बुडाच्या लोहचुंबकानं ती फळीच्या खालच्या अंगाला पक्की चिकटवून टाकली. पडायला नको, धूळ बसायला नको. विहिरीत पोहरा उलटा बांधून सोडायचा आणि पाणी येईना म्हणून विहिरीला बाधा झाली म्हणायचं, त्यातली गत.

पलीकडची बाई हसली नाही. म्हणाली, सगळीकडे अशीच काहीतरी गंमत असते. डबीचं तोंड आकाशाकडे हवं आणि मध्ये लोखंडी फळी नको. खिडकीजवळ, जिथून जास्तीत जास्त आभाळ दिसतं तिथं ठेवा. आणि बुडाखाली वीतभर तरी पत्रा ठेवा.

“पत्रा कशाला?” कंट्रोलताई सावरून बसली.

“ही डबी मुळात गाडीच्या टपासाठी बनवलेली असते. खाली पत्रा असणार असं धरूनच तिची घडण आहे. वरून येणारा संदेश इतका क्षीण असतो की लांबून कुणी कुजबुजावं. खाली पत्रा नसला की डबी नीट जुळत नाही, आणि कंप्युटरचा गोंगाट, भिंतीवर आपटून आलेले पडसाद, सगळं खालून आत शिरतं. नीट ऐकू यावं म्हणून आपण कानामागे तळवा धरतो ना, तसाच तो पत्रा.”

“तांब्याचाच हवा?”

“तळवा कुणाचाही चालतो हो. कुठलाही धातू घ्या. फक्त कानावर नको, कानामागे.”

महाराजांची हकिकत ऐकल्यावर मात्र ती बाई मोकळेपणी हसली. हा गृहस्थ कधीकाळी गाड्यांना असली यंत्रं बसवत असणार, असा तिचा कयास होता.

कंट्रोलताईनं फोन ठेवला आणि दुपारच्या निवांत वेळी बिस्किटांच्या डब्याचं झाकण घेऊन स्वतः करून पाहिलं. मग धावत बहिणीकडे गेली. धाकटीनं दार अर्धंच उघडलं. पात्राची निंदा कानावर पडली तरी कृपा आटते, असं महाराजांनी आधीच सांगून ठेवलं होतं. लबाड माणूस गिऱ्हाइकाच्या कानाला आधीच कुलूप लावून ठेवतो ते असं. आता खरं दाखवायचं तर महाराजांच्या तोंडावर, धाकटीच्या डोळ्यांसमोर.

संधी चालून आली. साहेबांच्या परवानगीनं महाराजांनी डेपोच्या आवारातच दरबार भरवला. कंट्रोलच्या खिडकीपाशी त्यांची खुर्ची, म्हणजे मागे कट्ट्यावरचं पात्र दिसावं आणि आत भिंतीवरचा हिरवा दिवाही. समोर माणसांचा समुद्र. कुणाची कंबर धरलेली, कुणाचं लग्न अडलेलं, कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. महाराज सगळ्यांना एकच औषध देत होते: ताट. ते विकत नव्हते हां, ‘देत’ होते. घेणाऱ्यानं मनाला येईल ते ठेवायचं, फक्त मन मोठं हवं, आणि मनाचं माप घ्यायला शेजारी पेटी घेऊन चेला बसला होता. पहिल्याच रांगेत धाकटी, मांडीवर चिमीचं डोकं.

कंट्रोलताईनं हेडफोन पाळीवरच्या जोडीदारणीकडे दिले आणि खिडकी सताड उघडली. “महाराज, मला पात्राचा प्रभाव सगळ्यांना दाखवायचा आहे. परवानगी द्या.”

नाही म्हणायची सोय तिनं ठेवलीच नव्हती. महाराजांनी हात उंचावला. तिनं डबीखालचं ताट ओढून काढलं आणि डबी नुसत्या दगडी कट्ट्यावर ठेवली. लोक बघत राहिले. थोड्या वेळानं दिवा लाल झाला.

आवारात संतापाची लाट उठली. ‘हटवा त्या बाईला’ असं कुणी म्हणालं, कुणी चप्पल दाखवली. महाराज प्रसन्न हसले. पात्र हललं, कृपा गेली, ही बिचारी आपल्याच हातानं सिद्ध करून बसली, असं त्यांनी गोड आवाजात समजावलं.

तिनं बिस्किटांच्या डब्याचं झाकण कट्ट्यावर ठेवलं. त्यावर मांजराचं पिलू छापलेलं होतं. डबी वर ठेवताच टक् आवाज झाला.

“झाकणानंही धरलं,” ती म्हणाली, आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

वाट पाहणं फार अवघड गेलं. समोर मामा कपाळाला आठ्या घालून उभे होते. धाकटी तिच्याकडे बघतच नव्हती. मागून शेलक्या शिव्या येत होत्या. आणि मग कंट्रोलची खिडकी अगदी जवळून बघत असलेला न्हावी म्हणाला, “हिरवा झाला की हो.”

मांजराच्या पिलावर कुणाची कृपा होती ते महाराजांना पटकन सुचेना. पण मुरलेला माणूस होता. म्हणाले, “माझ्या पात्राची कंपनं त्या कट्ट्यात मुरली आहेत.”

“मग मघाशी लाल कशाला झाला?” न्हाव्यानं सरळ मनानं विचारलं. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

महाराज त्याच्याकडे बघून पुन्हा तो घशातला आवाज काढू लागले.

कंट्रोलताईनं मग त्यांचं ताट उचललं आणि डबीच्या डोक्यावर झाकणासारखं पालथं घातलं. “कृपा वरून येते ना? आता तर पात्र कृपेच्या आणखी जवळ आहे.” दिवा पुन्हा लाल झाला. तिनं कानामागे तळवा धरून दाखवला, मग तोच कानावर दाबून दाखवला. पत्रा खाली असला तर मदत, वर असला तर अडथळा. यात मंत्र नाही, मन नाही, कंपनं नाहीत. महाराजांनी त्या दिवशी दोनच कामाच्या गोष्टी केल्या होत्या: उलटी डबी सुलटी करून आभाळाखाली आणली, आणि तिच्याखाली धातू सारला. बाकीचा सगळा घसा.

“आणि एक. शुद्ध तांबं म्हणता, त्याला लोहचुंबक चिकटतो कसा?” तिनं किल्लीनं ताटाची कड खरवडली. तांबूस रंगाखालून करडा पत्रा वर आला.

मामा मागे वळून आपल्या गाडीकडे बघत होते. तिच्या टपावर तसलीच एक काळी डबी होती, गाडी कुठं आहे ते कंट्रोलला कळवणारी. मामांनी ती कैक वर्षं स्वतःच्या हातानं पुसली होती.

“माझ्या गाडीला तर कुणी मंत्र घातला नव्हता,” ते हळूच म्हणाले, जणू स्वतःशीच. “टपाचाच पत्रा तो. मी रोज त्यावरच फडकं मारतो.”

आणि तेवढ्यात चिमीचं अंग ताठ झालं.

मान मागे गेली, डोळे फिरले, हातपाय झटके द्यायला लागले. धाकटी किंचाळली. महाराजांनी ती संधी हेरली. दोन्ही हात वर करून ते गरजले, कुणी हात लावू नका, कृपा उतरते आहे, हात लावाल तर लेकराचं वाटोळं होईल. आणि काय सांगावं, ज्या माणसांनी असल्या शेकडो पेशंटना हाताळलं होतं, झोपेतही जे चुकले नसते, ती डेपोतली माणसं हात जोडून उभी राहिली. अंधश्रद्धा अडाण्यालाच धरते असं नाही. शिकलेल्या हातांनाही ती बांधून ठेवते.

कंट्रोलताईनं खिडकीतूनच बाहेर उडी टाकली. पण तिच्याआधी मामा पोचले. त्यांनी वाटेतला चेला पेटीसकट बाजूला सारला.

“सरका. वारा येऊ द्या,” त्यांनी चिमीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची घडी केलेली खाकी टोपी सारली, गळ्याचं बटण सोडलं. “तोंडात काही घालायचं नाही. दाबून धरायचं नाही. पोरांनो, बघत काय बसलात? स्ट्रेचर.”

मामांचा आवाज ऐकताच पोरांचे हात सुटले. झटके ओसरले, पण पोर शुद्धीवर यायच्या आत पुन्हा सुरू झाले, तेव्हा गाडी दारातच उभी होती. धाकटी आत चढताना तिच्या हातात ते गादीखालचं ताट होतं. ती ते सोबत घेऊन आली होती. तिनं त्याकडे पाहिलं, आणि दरबारातल्या कुणाच्या तरी पायाशी ते तसंच टाकून दिलं.

कंपनमहाराज कधी गेले ते कुणी पाहिलं नाही. पेटी मात्र ते विसरले नाहीत. पुढं साहेबांनीच, काहीसं मान खाली घालून, पोलिसांत तक्रार दिली.

चिमी वाचली. दवाखान्यात तिच्या दंडात सलाईन होतं आणि ती गाढ झोपली होती. डॉक्टरांनी धाकटीला ओरडायला तोंड उघडलं, पण कंट्रोलताईनं डोळ्यांनीच त्यांना थांबवलं. मग धाकटी आपणहून बोलली. गोळ्या खाल्ल्या की पोर दिवसभर पेंगते, शाळेत बाकावर डोकं टेकते, मुली तिला ‘झोपाळू म्हैस’ म्हणतात. चिमी हसायचंच विसरली होती. महाराजांनी हे सगळं बसून ऐकून घेतलं होतं.

“हे तुम्ही मला का नाही सांगितलंत?” डॉक्टर म्हणाले. “औषध बदलता येतं. वेळ बदलता येते.”

“तुम्ही रागवाल वाटलं.”

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. धाकटीनं त्यांना विचारायला सुरुवात केली. ही गोळी डोक्यात नेमकं काय करते? झोप का येते? मध्येच तोडली तर झटके का वाढतात? नव्या औषधानं काय होईल, आणि नाही झालं तर? डॉक्टरांनी एकेक उत्तर दिलं, एके ठिकाणी ‘हे अजून नीट कळलेलं नाही’ असंही म्हणाले. कंट्रोलताई भिंतीला टेकून ऐकत राहिली. महाराजांच्या तोंडून हे एक वाक्य कधी ऐकलं नव्हतं, तिच्या मनात आलं. त्यांना सगळंच कळलेलं होतं.

बाहेरच्या बाकावर मामा बसले होते. ती शेजारी टेकली तेव्हा म्हणाले, “ताई, मला एक सांग. आता देवावर विश्वास ठेवायचा की नाही?”

“ठेवा की. मी सोडलाय का?” ती म्हणाली. “पण मामा, देवाला प्रश्नांची भीती नसते. भीती असते ती देवाच्या नावानं दुकान मांडणाऱ्याला. कुणी म्हणालं, ‘विचारू नका, नुसतं माना’, की तिथंच थांबा. ताट खाली ठेवून बघा, वर ठेवून बघा, दुसरं ताट ठेवून बघा. ज्याला माहिती आहे त्याला जाऊन विचारा. आणि तुमच्या माणसाची गोळी बंद करायला जो सांगेल, त्याचा एक शब्दही ऐकू नका, मग त्यानं आभाळातले सगळे दिवे लावून दाखवले तरी.”

आतून चिमीचा झोपाळलेला आवाज आला. तिला पाणी हवं होतं. मामा आधी उठले.